यंत्र का अडले?

लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेले एक कोडे आहे. पाने का सडली? घोडा का अडला? भाकरी का करपली? प्रश्न तीन, पण उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. या जुन्या कोड्याला चौथा प्रश्न जोडण्याची वेळ आपल्या महाविद्यालयाने आणली आहे. ग्रंथालयाशेजारच्या खोलीतले मोठे छापयंत्र का अडले? या चौथ्या प्रश्नाचे उत्तरही तेच आहे, असे माझे म्हणणे आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखप्रपंच.

हे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. ४४ इंच रुंदीच्या कागदाच्या गुंडाळीवर आठ रंगांच्या शाईने छापणारा हा इंकजेट प्रिंटर २०१४ साली आपल्याकडे आला. स्नेहसंमेलनाची भित्तिपत्रके, भूगोल विभागाचे नकाशे, अजिंठ्याच्या सहलीनंतर भरलेले छायाचित्रांचे प्रदर्शन ही सारी याच यंत्राची कामगिरी. २०२४ च्या उन्हाळी सुटीनंतर ते बंद पडले, ते आजतागायत बंद आहे. आता ते निर्लेखित करावे, म्हणजे भंगारात काढावे, आणि त्याच्या जागी नवे घ्यावे, असा प्रस्ताव असल्याचे कानावर येते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, तंत्रज्ञ नव्हे. तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे. तो जुन्या यंत्राच्या प्रेमापोटी नाही. जुने का बंद पडले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या हाती नवेही टिकणार नाही, एवढाच माझ्या विरोधाचा अर्थ आहे.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते थोडे पाहू. कारण त्याचे दुखणे त्याच्या कामातच दडलेले आहे. कागदावरून डावीउजवीकडे धावणारा जो भाग असतो त्याला ‘हेड’ म्हणतात. आपल्याकडे ‘हेड’ म्हटले की विभागप्रमुख डोळ्यांसमोर येतात. परंतु हे हेड वेगळे, आणि त्याच्यावाचून यंत्राचे खरोखरच पान हलत नाही. त्याच्या तळाशी प्रत्येक रंगासाठी ३६० सूक्ष्म छिद्रे आहेत. त्यांना नोझल म्हणतात. आठ रंगांची मिळून २८८० छिद्रे झाली, आणि प्रत्येक छिद्र माणसाच्या केसापेक्षाही बारीक. त्यातून पडणारा सर्वांत लहान थेंब साडेतीन पिकोलिटरचा असतो. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून मी एक हिशेब करून पाहिला. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात असे सुमारे १४३ कोटी थेंब मावतील. म्हणजे सबंध भारतातील माणशी एक थेंब! इतक्या बारीक थेंबांनी आपल्या भिंतीवरचा तो पद्मपाणी रंगविला होता.

हा थेंब बाहेर फेकण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एका रीतीत छिद्रामागची शाई क्षणार्धात तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवितात. तिची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्या रीतीत उष्णतेचे काम नाही. विजेच्या दाबाने आकार बदलणारा एक स्फटिकासारखा पदार्थ छिद्रामागे बसविलेला असतो. तो आखडतो, ताणतो आणि थेंब बाहेर पडतो. आपले यंत्र या दुसऱ्या जातीचे. या फरकाला व्यवहारात फार महत्त्व आहे. पहिल्या जातीच्या पुष्कळ यंत्रांत हेड हा झिजणारा आणि आपल्या हाताने बदलता येणारा भाग असतो. दुसऱ्या जातीत ते यंत्राच्या जन्मभरासाठी बसविलेले असते आणि बदलावयाचे झाल्यास यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा मोजावा लागतो. तेव्हा या जातीच्या यंत्राची निगा राखणे म्हणजे, बव्हंशी, हेड सुकू न देणे.

शाई ही वाळण्यासाठीच केलेली असते, ही गोष्ट आपण विसरतो. ती कागदावर वाळली तर चित्र, छिद्रात वाळली तर आजार. म्हणून काम संपले की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका टोपीवर बसते. या टोपीला रबरी कड असते, आत शाईने भिजलेला स्पंजासारखा तुकडा असतो; तेथल्या ओलाव्यात छिद्रे जिवंत राहतात. शेजारी हेड पुसणारी एक रबरी पट्टी असते आणि टोपीखाली शाई ओढून घेणारा छोटा पंप. टोपीच्या कडेला शाईची खपली धरली की हवा आत शिरते. यंत्र चालू असताना भिंतीवरचे बटण बंद केले किंवा वीज गेली, तर हेड कागदाच्या मध्यावरच उघडे राहते. अशा उघड्या हेडने आपल्या खानदेशातली मे महिन्यातली एक दुपार काढायची म्हणजे काय, हे ज्याने ४४ अंशांत बसथांब्यावर तासभर काढला आहे त्याला निराळे सांगायला नको.

शिवाय आपल्या यंत्रातली शाई रंगकणांची आहे. रंग पाण्यात विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. अशी छापील चित्रे उजेडात पुष्कळ अधिक टिकतात हा तिचा गुण. पण शाई महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली की कण तळाशी बसू लागतात, आणि मग रंग फिका येतो. शाईच्या डब्या अधूनमधून काढून हलकेच हलवाव्या लागतात त्या यासाठीच. पुन्हा तोच उपाय : फिरविणे!

लोखंड वापराने झिजते आणि न वापरल्याने गंजते, असे म्हणतात. या यंत्राच्या बाबतीत गंजण्याचा वेग झिजण्याच्या कितीतरी पट अधिक आहे. ते कामाने थकत नाही, विश्रांतीने मरते. आणि आपण त्याला दोन महिन्यांची सुटी दिली!

पूर्वी अशी सुटी त्याला मिळत नसे. भूगोल विभागात परिचर असलेले नाना २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाले. त्यांच्या कामाच्या यादीत हे यंत्र कोठेही नव्हते. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, एवढाच त्यांचा यंत्राशी अधिकृत संबंध. परंतु दर सोमवारी सकाळी ते यंत्र सुरू करीत, नोझल-तपासणीची एक पट्टी छापीत, ती कापून शंभर पानी वहीत चिकटवीत आणि खाली तारीख घालीत. मे महिन्यातही सोमवार चुकत नसे. महिन्यातून एकदा टोपीची कड आणि पुसण्याची पट्टी साफ होई. वहीत मधूनमधून शेरे आहेत : ‘छापताना वीज गेली. आल्याबरोबर चालू करून हेड जागेवर नेले.’ ‘कागद दमट. कडा वर येतात. गुंडाळी बदलली.’ ‘निळा ४ रेषा कमी. एक साधी सफाई. भरून आला.’ ही भाषा साहित्यिक नाही. परंतु नऊ वर्षांचा असा अखंड लेख आपल्या महाविद्यालयात दुसरा असेल, असे मला वाटत नाही.

नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांनी किल्ल्या दिल्या, नकाशांची यादी दिली, त्यावर सह्या झाल्या. शाल, श्रीफळ आणि भाषणे झाली. सोमवार मात्र कोणी ताब्यात घेतला नाही, कारण सोमवार हा काही जडवस्तूंच्या नोंदवहीत नसतो.

पुढचे आपण जाणतोच. २०२४ च्या जूनमध्ये यंत्र सुरू केले तर चित्रावर आडवे पट्टे आणि चेहऱ्यांचा रंग जांभळट. बाहेरून एका दुरुस्तीवाल्याला बोलाविले. त्याने एका दुपारी पाच वेळा जोरदार सफाई चालविली, शाईच्या डब्या जवळजवळ रिकाम्या केल्या आणि निकाल दिला, “हेड गेलं, सर. नवीन मशीन घ्या.” त्या दिवसापासून ‘हेड गेले’ हे वाक्य आपल्याकडे सिद्ध झालेल्या सत्यासारखे फिरत आहे.

ते सत्य असेलही. माझा आक्षेप एवढाच की ते तपासले गेलेले नाही. या यंत्राची दुखणी अनेक आणि लक्षणे मात्र थोडी, त्यामुळे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार फार लवकर होतो. चित्रावर पट्टे आले याचा अर्थ छिद्रे बुजली असाच होत नाही. नोझल-तपासणीच्या पट्टीत प्रत्येक छिद्राची एक बारीक रेघ पायऱ्यापायऱ्यांनी छापली जाते. ती पट्टी पूर्ण असेल आणि तरीही चित्रावर सारख्या अंतराने पट्टे दिसत असतील, तर दोष हेडचा नसून कागद पुढे सरकण्याच्या मापाचा असतो; तो यंत्राच्याच सोयींनी जुळविता येतो. पट्टीत दर वेळी त्याच त्या रेघा नसतील तर ती छिद्रे बुजलेली असण्याचा संभव मोठा. दर वेळी निराळ्या रेघा नाहीशा होत असतील, तर शाईच्या वाटेत हवा शिरली आहे, टोपी घट्ट बसत नाही, किंवा हेडच्या डोक्यावर शाईची जी लहान कुपी असते, जिला डॅम्पर म्हणतात, ती नीट भरत नाही, असे समजावे. हेड धावता धावता अडखळत असेल, तर त्याला आपली जागा सांगणारी जी पारदर्शक पट्टी मागे ताणलेली असते तिच्यावर शाईचे तुषार बसले आहेत का ते पाहावे. आणि पट्टी निर्दोष असून रंगच भलते येत असतील, तर कागद एक आणि संगणकात निवडलेला कागद दुसरा, असा साधा घोटाळा असू शकतो.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, जानेवारीत ग्रंथपालांच्या परवानगीने आम्ही तिघांनी ओळीने तीन दिवस रोज एक पट्टी छापली. सफाई एकदाही केली नाही. फिकट काळ्या रंगाच्या त्याच अकरा रेघा तिन्ही दिवस नव्हत्या. पिवळ्याच्या मात्र रोज निराळ्या रेघा गायब : पहिल्या दिवशी वरच्या, दुसऱ्या दिवशी मधल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा भलत्याच. बाकीचे सहा रंग पूर्ण. म्हणजे दुखणे एक नसून दोन आहेत असे दिसते. ३६० पैकी अकरा छिद्रे बुजणे हा मृत्यू नव्हे. पिवळ्याचे दुखणे टोपीचे किंवा डॅम्परचे असण्याचा संभव अधिक, आणि हे भाग हेडच्या मानाने फार स्वस्त असतात. ते बदलून यंत्र सुधारेलच असे मी म्हणत नाही. पण ते न बदलता हेडला दोषी ठरविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

आणि त्या पाच सफायांविषयीही बोलले पाहिजे. सफाई म्हणजे पंपाने टोपीतून शाई ओढून छिद्रे मोकळी करणे. टोपीच जर घट्ट बसत नसेल, तर पंप शाईऐवजी हवा ओढतो, बरे असलेले रंगही आजारी पडतात आणि महागडी शाई टाकाऊ शाईच्या टाकीत जाते. एक साधी सफाई, पट्टी, थोडा वेळ थांबणे, पुन्हा पट्टी, एवढे करून गुण आला नाही तर हात आवरून विचार करावा, हा शहाणपणाचा मार्ग. रोगापेक्षा औषध भयंकर ठरण्याचे मोठे उदाहरण आपल्या जवळच अजिंठ्याला आहे. तेथील चित्रे वाचविण्यासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांचे सुटणारे पापुद्रे बसविले हे त्यांचे श्रेय. परंतु वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडत गेला आणि नंतरच्या पिढ्यांना तो काढण्याचेच काम करीत बसावे लागले. हेतू चांगला असला म्हणून उपाय चांगला ठरत नाही. निगा राखणे हे नुसते कष्टाचे काम नाही, ते ज्ञानाचे काम आहे.

येथे कोणी म्हणेल की ज्ञानाचे असेल, पण ते विज्ञान शाखेचे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात नाक का खुपसावे? मला नेमके उलटे वाटते. जुन्या हस्तलिखिताच्या चार प्रती समोर ठेवून कोणता पाठ मूळचा आणि कोणती चूक लेखनिकाची हे ठरविण्याची शिस्त आपल्याला मराठीच्या आणि इतिहासाच्या वर्गात शिकवितात. एकच चूक सर्व प्रतींत आली तर तिचे मूळ एक, आणि प्रत्येक प्रतीत निराळी आली तर मूळ निराळे, हे पाठचिकित्सेचे तत्त्व. वर सांगितलेली पट्ट्यांची परीक्षा याहून वेगळी काय आहे? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, निष्कर्ष पुराव्यापलीकडे नेऊ नये, आणि मागच्याने लिहून ठेवलेले आधी वाचावे, हे नियम दफ्तरखान्यात लागू पडतात तसेच छापयंत्रालाही पडतात. नानांची वही हे अस्सल साधन आहे, आणि दुरुस्तीवाल्याचे ‘हेड गेले’ ही ऐकीव बातमी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यांपैकी कशावर भिस्त ठेवावी, हे प्राध्यापकांना मी काय सांगावे!

खरी अडचण ज्ञानाची नाहीच, प्रतिष्ठेची आहे. आपल्या समाजात निर्मितीला मान आहे, खरेदीला त्याहून अधिक मान आहे. निगराणीला मात्र कोणी विचारीत नाही. यंत्र आले तेव्हा नारळ फुटला, फीत कापली, पाहुण्यांच्या नावाची पाटी लागली. ती पाटी अजून आहे, यंत्र बंद आहे! खरेदीसाठी निधी मागता येतो, त्याचा अहवाल लिहिता येतो, छायाचित्र काढता येते. टोपीची रबरी कड पुसतानाचे छायाचित्र कोण काढणार? हाताला शाई लागते ते काम खालचे आणि ज्याच्या हाताला ती लागत नाही तो वरचा, ही उतरंड आपल्याकडे फार जुनी आहे. यंत्रे नवी आली, उतरंड तीच राहिली.

परंतु ज्यांनी आपल्याकडे छपाई आणि चित्रे उभी केली त्यांनी ही उतरंड मानली नव्हती. १८३१ साली मुंबईत पहिले मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी शाईचे प्रयोगही स्वतःच करीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर रंगभूमीचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळले आणि त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेराच घरी बनविला. १९२० सालचा ‘सैरंध्री’ त्याच उद्योगातून आला. हे चित्रकार होते, आणि यंत्राच्या पोटात हात घालण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या यंत्राच्या कुळातलेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत राहणारा गायक ग्रॅहम नॅश हा छायाचित्रकारही आहे. आपली छायाचित्रे मोठ्या आकारात चांगल्या कागदावर छापावीत म्हणून त्याने ‘आयरिस’ जातीचे एक प्रचंड इंकजेट यंत्र घेतले. ते यंत्र छापखान्यातील कच्चे नमुने काढण्यासाठी केलेले होते. चित्रकलेचा जाड कागद त्यात जाईना. तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी त्या महागड्या यंत्राचा काही भाग चक्क करवतीने कापून हेड मागे सरकविले! हमी अर्थातच गेली, पण १९९१ साली कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ हा छपाईचा कारखाना उभा राहिला आणि इंकजेटचे चित्र कलादालनात लागू लागले. ते यंत्र आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. सुरुवातीच्या त्या शायांचे रंग लवकर उडत, म्हणून त्यांच्याच चित्रांवर पुढे टिकाऊ शायांचा शोध लागत गेला. आपण आपले यंत्र करवतीने कापावे असे मी सुचवीत नाही. प्राचार्यांनी घाबरू नये. यंत्राची ओळख करून घेण्याची भीती मात्र सोडावी.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की यासाठी कंपनीशी वार्षिक देखभालीचा करार करावा. जरूर करावा. सुटे भाग बदलणे, हेड बसविणे ही कामे जाणकारांचीच. पण करारावरचा माणूस बोलाविल्यावर येतो, दर सोमवारी येत नाही. डॉक्टर घरचा असला तरी दात आपले आपणच घासावे लागतात. दुसरा आक्षेप असा की विद्यार्थी यंत्र बिघडवतील. कदाचित बिघडवतील, परंतु सध्या ते कोणीही हात न लावता बिघडले आहे, हे विसरू नये. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : बाजारात फ्लेक्सची आणि मोठ्या छपाईची दुकाने पुष्कळ आहेत, मग महाविद्यालयाने हा हत्ती पोसावाच कशाला? याला माझे उत्तर सरळ आहे. ज्या संस्थेला आठवड्यातून एकदा यंत्र चालविणे जमत नाही, तिने ते घेऊच नये. बाहेरून छापून आणावे, तेच स्वस्त पडेल. आणि ज्या दुकानांचे आपण नाव घेतो तेथे जाऊन रात्री दुकान बंद होताना पाहावे. हेड पुसल्याशिवाय, टोपी ओली केल्याशिवाय तेथला कारागीर घरी जात नाही, कारण त्याचे पोट त्या छिद्रांवर आहे. आपले पोट त्यावर नाही, हाच आपला रोग.

पण शिक्षणसंस्थेने यंत्र ठेवावे याचे एक कारण दुकानापाशी नसते. येथे ते शिकण्यासाठी आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र दिले आणि ते आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत योजनेच्या रूपाने चालते. ही योजना पुष्कळदा ग्रंथालयातली धूळ झटकण्यावर आणि बागेला पाणी घालण्यावर थांबते. ती कामे हलकी नाहीत. परंतु या यंत्राची राखण तीत का येऊ नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कौशल्यशिक्षणाचा मोठा गाजावाजा आहे. कौशल्य शिकविण्याचे साधन ग्रंथालयाशेजारी कुलपात पडून आहे, आणि आपण कौशल्यावरच्या व्याख्यानांना टाळ्या वाजवीत आहोत.

म्हणून माझी मागणी नव्या यंत्राची नाही, पुढील गोष्टींची आहे. निर्लेखनाचा ठराव करण्यापूर्वी एका जाणकाराकडून टोपी आणि डॅम्पर तपासून घ्यावेत व त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. चार विद्यार्थ्यांची पाळी लावावी. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्यांना मोबदला मिळावा. दर सोमवारी एक पट्टी आणि आठही रंगांचे एक लहानसे चित्र छापावे. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे, म्हणजे हेड टोपीवर बसल्यावरच वीज तुटेल. वीज गेली तरी हेड परत जागेवर नेण्यापुरता वेळ मिळेल असा यूपीएस बसवावा, आणि खोलीचे अर्थिंग तपासून घ्यावे. भिंतीवर एक साधे आर्द्रतामापक लावावे. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यानची हवा कागदाला आणि हेडलाही मानवते. पावसाळ्यात गुंडाळ्या पिशवीत बांधून ठेवाव्यात, कारण दमटलेला कागद फुगून वर येतो आणि धावत्या हेडला घासतो. अंदाजपत्रकात ‘खरेदी’ या सदराखाली ‘निगा’ असे एक स्वतंत्र सदर असावे, मग त्यात रक्कम थोडी असली तरी चालेल. आणि नानांच्या वहीचे पुढचे पान उघडावे. तीत अजून बावीस पाने कोरी आहेत.

एवढे करूनही यंत्र सुधारले नाही, हेड खरोखरच गेलेले निघाले, तर मी माझा विरोध मागे घेईन. यंत्र जुने आहे, त्याचे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार, हे मलाही कळते. त्या वेळी खुशाल नवे यंत्र आणावे. मात्र त्याच्या उद्घाटनाची पत्रिका छापण्याआधी पाळीच्या विद्यार्थ्यांची नावे भिंतीवर लागलेली असावीत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षा जवळ आलेल्या असतील आणि त्यापाठोपाठ सुटी लागेल. दोन महिने वर्ग बंद राहतील, ग्रंथालय अर्धा दिवस उघडेल. मे महिन्यात चार सोमवार येतील. त्या चार सोमवारी खोलीची किल्ली कोणाकडे असेल, हे सुटी लागण्यापूर्वी ठरवा, अशी विद्यार्थिबंधूंना, भगिनींना आणि प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. एका सोमवारसाठी माझे नाव मी आजच देऊन ठेवतो. तीन सोमवार अजून रिकामे आहेत.